ट्रान्समिशन प्रेशर सेन्सरचा कोड: सेन्सर बदलू की आधी काही तपासू?

गाडीवान
ऑटोमॅटिक गाडी, सव्वा लाख किमी झालेली. आठवडाभर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कुणी ढकलल्यासारखा झटका बसतोय. काल तर तिसऱ्यातच अडकली, बंद करून चालू केल्यावर सुटली. स्कॅनरवर पी०८४२. गॅरेजवाला म्हणतो सेन्सर टाकून देऊ. टाकू का?

तेलकटहात
थांबा. ०८४२ म्हणजे त्या सर्किटमधून सिग्नल कमी येतोय, बस. सेन्सर गेला असेल, वायर घासून बॉडीला लागली असेल, किंवा गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब खरंच कमी असेल आणि बिचारा सेन्सर खरं बोलत असेल. कोड इतक्यात पुसू नका, आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणी गाडीने साठवलेले आकडे, टिपून घ्या. मग ते ऑइल. लेव्हल मॅन्युअलप्रमाणेच बघा. बऱ्याच गाड्यांत ती इंजिन चालू आणि ऑइल गरम असताना बघतात, काहींत इंजिन बंद करून.

गाडीवान
लेव्हल बरोबर, रंग लालसर, जळका वास नाही. पण सेन्सरचा कनेक्टर काढला तर बोटाला तेल लागलं!

तेलकटहात
तेल बहुतेक सेन्सरमधूनच पिनांपर्यंत झिरपलंय. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, सुकू द्या. मग इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि हार्नेसच्या बाजूने, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या कनेक्टरला, मल्टिमीटर लावा. तीन वायरी असतील तर सहसा एकीवर ५ व्होल्ट, एक ग्राउंड, एक सिग्नल. ५ व्होल्टच नसतील तर नवा सेन्सर टाकूनही कोड परत येणार. कोणती वायर कुठली ते डायग्रामवरून बघा, रंगावरून अंदाज नको.

आटेगेले
मी असाच सेन्सर बदलून बसलो होतो, तोही दोनदा. शेवटी एकाने टेस्ट पोर्टला (गिअरबॉक्सवर दाब मोजायला ठेवलेल्या भोकाला) गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावला तर दाब खरोखरच कमी, फिल्टर चोंदलेला. गेज आणि स्कॅनरचा लाइव्ह डेटा एकाच वेळी बघा. गेज ठीक आणि स्कॅनर कमी, तर सेन्सर किंवा वायरिंग. दोन्ही कमी, तर रोग आतला.

गाडीवान
५ व्होल्ट आहेत, ग्राउंडही. पण इंजिन चालू करून ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला तरी स्कॅनरवर आकडा हलत नाही. वायर ओढूनताणून पाहिली, तरी ढिम्म.

तेलकटहात
मग गेज लावून घ्या. तो ठीक निघाला आणि सिग्नलची वायर कुठे तुटलेली वा शॉर्ट नसेल, तर खुशाल बदला. ओ-रिंग (तेल गळू नये म्हणून असलेली रबरी रिंग) नवीच घाला. आणि हाताने आटे धरल्याशिवाय पाना लावू नका, केसिंग ॲल्युमिनियमचं असतं.

आटेगेले
माझं नाव उगाच नाही पडलं.