पोलीस पायावर गोळी का नाही मारत?

रिकामटेकडा_ठाणेकर
मंडळी एक प्रश्न आहे, भांडण नकोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये पवईत त्या स्टुडिओत एकाने १७ पोरं ओलीस धरली होती, पोलीस बाथरूमच्या बाजूने आत शिरले आणि त्याला छातीत गोळी लागली, नंतर कळलं की हातात एअरगन होती. त्याआधी बदलापूरवाला, शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी, तळोजा जेलमधून आणताना व्हॅनमध्येच, मुंब्रा बायपासजवळ, डोक्यात गोळी, पोलीस म्हणाले त्याने पिस्तूल हिसकावलं. तेव्हा हायकोर्टानेच विचारलं होतं ना की पायावर किंवा हातावर का नाही मारली म्हणून. मलाही तेच पडलंय, एवढे ट्रेनिंग घेतलेले लोक, पायावर मारून जिवंत पकडता येत नाही का? घरी यावरून जेवताना वाद झाला, बाबा म्हणतात बरं झालं गेला, मी म्हणतो मग कोर्ट कशाला ठेवलंय. कोणी खात्यातलं असेल तर सांगा प्लीज.

जुनी_खाकी
मी रिटायर्ड आहे, बरीच वर्षं पोलीस स्टेशनला काढली, क्राईम ब्रँचला कधी नव्हतो हे आधीच सांगतो. भाऊ, पायावर मारणं हे फक्त पिक्चरमध्ये सोपं असतं. समोरचा उभा नसतो, तो पळत असतो नाहीतर तुमच्याच अंगावर येत असतो, तुमचा हात थरथरत असतो, आणि धावणारा पाय म्हणजे वीतभर रुंदीची हलणारी वस्तू. नेम चुकला की गोळी रस्त्यावर आपटून कुठेही जाते, मागे रिक्षावाला असेल, शाळेची पोरं असतील. बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, आम्हाला शिकवतात ते अंगाच्या मध्यभागी नेम धरायला, कारण तिथेच लागायची शक्यता जास्त. शिवाय पायावर लागली म्हणजे जीव वाचला असंही नाही, मांडीतली मोठी नस फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो. आणि पायात गोळी लागलेला माणूस ट्रिगर दाबू शकतो की, हात तर शाबूत असतो.

लोकांचा घोळ होतो तो असा, की कमरेखाली नेम धरायचा हे दंगलीतल्या जमावासाठी असतं. तिथे आधी इशारा द्यायचा, लाठी, अश्रुधूर, सगळं करून मग शेवटी फायर. हत्यारबंद माणूस तीन फुटांवर आला की हा सगळा क्रम पाळायला वेळच नसतो.

बदलापूरच्या व्हॅनबद्दल मी काही बोलणार नाही, ते वेगळं आहे. ताब्यातल्या आरोपीच्या हाताला पिस्तूल लागतंच कसं हा पहिला प्रश्न आहे, गोळी कुठे मारली हा नंतरचा.

घाटावरचा_गण्या
काका मान्य आहे पण मग तुकाराम ओंबळेंचं काय? हातात फक्त लाठी, समोर एके ४७, गिरगाव चौपाटीला कसाबच्या बंदुकीची नळीच धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यामुळेच तो जिवंत सापडला आणि सगळा कट बाहेर आला, खटला चालला, २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. तो पण त्याच रात्री मेला असता तर आपल्याला काय कळलं असतं?

जुनी_खाकी
ओंबळेंचं नाव काढलंस म्हणून हात जोडतो. पण त्यांनी केलं ते अशोकचक्राचं काम आहे रे, ते ड्युटी म्हणून कुठल्या शिपायाकडून मागायचं नसतं.

ॲड_कोर्टनाका
वकिली करते, क्रिमिनलच. कायदा काय म्हणतो ते थोडक्यात लिहिते, कारण इथे दोन्ही बाजू हवेत बोलतात. पोलिसांना ठार मारायचा वेगळा असा परवाना कुठेच नाही. अटकेला विरोध केला तर लागेल तेवढं बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा अटक करताना जीव घ्यायचा हक्क मिळत नाही, हे आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४६ मध्ये होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम ४३ मध्ये आहे. आणि ज्याच्यावर तसा आरोप आहे त्याला सरळ उडवा असाही याचा अर्थ होत नाही. बाकी उरतो स्वसंरक्षणाचा हक्क, तो तुम्हाला आम्हाला आहे तेवढाच पोलिसाला. जिवाची खरीखुरी भीती हवी आणि धोका संपला की हक्कही संपला. एअरगन होती हे नंतर कळलं यावरून गोळी बेकायदा ठरत नाही, त्या क्षणी समोरच्याला काय दिसत होतं हे बघतात.

आता मुद्द्याचं. मुंबईत १९९५ ते ९७ मध्ये ९९ च्या आसपास एन्काऊंटर आणि १३५ च्या आसपास माणसं मेली, त्यावरून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना हायकोर्टात गेली आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने २०१४ ला १६ कलमी नियम घालून दिले. खबर मिळाली तर आधी नोंद करा, मृत्यू झाला की एफआयआर, तपास सीआयडी नाहीतर दुसऱ्या पोलीस स्टेशनच्या टीमने, मॅजिस्ट्रेट चौकशी, दोन डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेम आणि त्याचं शूटिंग, वापरलेलं हत्यार जमा, आणि लगेच प्रमोशन किंवा शौर्यपदक नाही. निकालाची तारीख २३ सप्टेंबर. बदलापूरचा आरोपी व्हॅनमध्ये मेला तो २०२४ चा २३ सप्टेंबर, बरोबर दहा वर्षं. निव्वळ योगायोग, पण मला तेव्हा फार बोचला.

त्या केसमध्येही मॅजिस्ट्रेटच्या रिपोर्टमध्ये पाच पोलिसांवर ठपका आला, पिस्तुलावर मयताच्या बोटांचे ठसेच नव्हते, आणि तरीसुद्धा गुन्हा नोंदवायला हायकोर्टाला सांगावं लागलं. म्हणून म्हणते, पाय की छाती यात अडकू नका. गोळी सुटल्यावर कागद कोण लिहितो ते बघा.

पुण्याचा_पाहुणा
ताई तुम्ही आरोपीची बाजू घेणार हे माहितीच होतं 😀 पण ९० च्या दशकातली मुंबई आठवा ना. खंडणीचे फोन, बिल्डर, हॉटेलवाले, भर दिवसा गोळीबार. लोकांनी एन्काऊंटरवाल्यांना डोक्यावर घेतलं ते उगाच नाही, कोर्टात साक्षीदारच उभा राहत नव्हता. १९८२ ला वडाळ्याला गँगस्टर मन्या सुर्वे मारला तेव्हापासून हे चालू आहे आणि सामान्य माणसाला त्याने बरंच वाटलं. हैदराबादला २०१९ ला बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी मारले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली, विसरलात का?

ॲड_कोर्टनाका
नाही विसरले. आणि त्याच हैदराबादच्या घटनेवर सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आयोगाने, अध्यक्ष आपलेच न्यायमूर्ती सिरपूरकर, २०२२ ला काय सांगितलं तेही वाचा. मारायच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या असं सांगितलं आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा म्हणाले. फुलांचे फोटो सगळीकडे फिरले, तो रिपोर्ट किती जणांनी उघडला?

साक्षीदाराचं म्हणालात म्हणून सांगते. लखन भैया, गँगस्टर म्हणून पोलिसांनी मारलेला, २००६. वाशीतून भर दुपारी उचलला, भाऊ वकील होता, त्याने लगेच पोलीस आयुक्तांना तारा (टेलिग्राम) आणि फॅक्स पाठवले की माझ्या भावाला उचललंय, जिवाला धोका आहे. संध्याकाळी वर्सोव्याला एन्काऊंटर दाखवला. त्या तारांवरच्या वेळेनेच केस उभी राहिली, नाहीतर एफआयआर ठरलेलाच होता, त्याने आधी गोळी झाडली आणि आम्ही प्रत्युत्तर दिलं. त्याच्याबरोबर उचललेला मित्र मुख्य साक्षीदार होता, तो २०११ ला साक्षीच्या आधी गायब झाला आणि नंतर प्रेतच सापडलं. २०१३ ला २१ जणांना जन्मठेप, त्यात १३ पोलीस. आधी सुटलेल्या प्रदीप शर्मा या एन्काऊंटरवाल्या पोलीस अधिकाऱ्याला हायकोर्टाने मार्च २०२४ ला दोषी धरलं. साक्षीदार उभा राहत नाही ही अडचण गुंडांच्याच खटल्यात असते असं समजू नका.

घाटावरचा_गण्या
बाप रे तारांचं माहितीच नव्हतं.

जुनी_खाकी
ताई बोलल्या ते कडू आहे पण खोटं नाही. फक्त एक लिहितो, खात्यात हजारो पोरं आहेत ज्यांनी पूर्ण नोकरीत बटच्या बाहेर एकही राऊंड झाडलेला नाही. सरावाला गोळ्या मोजून मिळतात, वर्षाचा कोटा उरकला की झालं, आणि मग त्याच पोराकडून आपण अपेक्षा करतो की अर्ध्या सेकंदात एअरगन की खरी गन ते ओळख. २००८ ला कुर्ल्याला बेस्टच्या बसमध्ये पाटण्याचा पोरगा कट्टा घेऊन चढला होता तेव्हाही हेच, जिवंत धरता आला असता का यावर महिनाभर टीव्हीवर भांडणं आणि मग २६/११ झालं, सगळे विसरले. ओलीस प्रकरणात बोलायला बसणारा ट्रेन्ड माणूस, ढाली, बेशुद्ध करणारी साधनं, हे प्रत्येक परिमंडळात असलं तर गोळीपर्यंत जायची वेळ कमी येईल. पण त्याला बजेट लागतं आणि बजेटवर कोणी फुलं टाकत नाही.

रिकामटेकडा_ठाणेकर
सगळ्यांना थँक्स. पायावर मारण्याचं डोक्यातून गेलं. यूपीत हाफ एन्काऊंटर म्हणतात तो प्रकार पण वाचला आत्ताच, तिथे पायावरच मारतात आणि दर वेळी गोळी गुडघ्याखालीच कशी लागते बुवा? काका तर म्हणतात नेम धरणं अवघड असतं 🤔

जुनी_खाकी
पळणाऱ्याचा अवघड असतो. एवढंच लिहितो.