मदत हवी आहे : पातळ लॅपटॉप अचानक मंदावतो, मदरबोर्ड बदलावा, एसएसडी वाढवावी, की आणखी काही तपासावे?

धागाकर्ता

माझ्याकडे तेरा इंची पडद्याचा, ॲल्युमिनिअमच्या आवरणाचा एक पातळ लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर आय७-८५५०यू प्रोसेसर, मदरबोर्डवरच सोल्डर केलेली ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि दोन थंडरबोल्ट ३ पोर्ट आहेत. चार्जिंगही याच पोर्टांतून होते. वॉरंटी कधीच संपली आहे. काम साधे आहे : लेखन, मोठ्या स्प्रेडशीट, ब्राउझरमध्ये उघडे राहणारे बरेच टॅब आणि अधूनमधून व्हिडिओ बैठका. पडदा आणि कीबोर्ड इतके उत्तम आहेत की शक्य असेल तोवर हेच यंत्र वापरायचे आहे.

मुख्य तक्रार अशी की, काम सुरळीत चालू असताना लॅपटॉप एकाएकी मंदावतो. माउसचा बाण अडखळतो, टंकलेली अक्षरे क्षणभराने उमटतात आणि बैठकीतला आवाज तुटतो. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहिल्यास प्रोसेसरचा वेग ०.३९ गिगाहर्ट्‌झवर अडकलेला दिसतो, मग त्याच्यावरचा भार कितीही असो. तापमान मात्र ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते आणि पंख्याचा आवाजही येत नाही, त्यामुळे हा उष्णतेचा प्रकार वाटत नाही. मॉनिटरच्या यूएसबी-सी केबलवरून चार्जिंग चालू असताना हे हमखास होते. मूळ ६५ वॅटच्या चार्जरवर क्वचित होते, पण होते. केबल काढून पुन्हा लावल्यावर कधी वेग पूर्ववत होतो, कधी होत नाही.

विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकले आहे, बायोस आणि ड्रायव्हर अद्ययावत केले आहेत, तसेच पंख्यातील धूळ काढून थर्मल पेस्टही एका तंत्रज्ञाकडून बदलून घेतली आहे. यांपैकी कशानेही फरक पडला नाही. त्याच तंत्रज्ञाचे म्हणणे असे की मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचा भाग बिघडला असावा आणि संपूर्ण मदरबोर्ड बदलणे हाच उपाय आहे. तो बदलण्याचा खर्च पाहता त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्यावा, असे वाटू लागले आहे.

बॅटरीबद्दलही सांगतो. विंडोजमधील पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी अहवाल काढला असता मूळ क्षमता ६०,००० मिलिवॅट-अवर आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता साधारण ३६,००० मिलिवॅट-अवर दिसते. चार्ज तीस टक्क्यांच्या आसपास असतानाही लॅपटॉप काही सूचना न देता बंद पडतो. याखेरीज ट्रॅकपॅडची डावी खालची बाजू हल्ली दाबली जात नाही आणि सपाट टेबलावर लॅपटॉप किंचित डुगडुगतो. तळाचा एखादा रबरी पाय झिजला असावा.

तर प्रश्न असा : मदरबोर्ड खरोखरच दोषी आहे का, हे घरच्या घरी कसे ठरवावे? तो दोषी नसेल, तर या लॅपटॉपमध्ये १ टीबी एसएसडी घालणे आणि रॅम वाढवणे शक्य व शहाणपणाचे आहे का?

पहिला प्रतिसाद

बाकी सर्व प्रश्न बाजूला ठेवून आपण शेवटी सहज लिहिलेल्या ओळीकडे आधी पाहावे, अशी कळकळीची विनंती. दाबला न जाणारा ट्रॅकपॅड आणि डुगडुगणारा तळ ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की पहिला संशय रबरी पायावर नव्हे, फुगलेल्या बॅटरीवर घ्यावा. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरीचे सेल धातूच्या नळकांड्यात नसून मऊ पाकिटासारख्या आवरणात असतात आणि ते नेमके ट्रॅकपॅड व हातांच्या टेकणीखाली पसरलेले असतात. आतील इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन वायू तयार झाला की हे पाकीट फुगते आणि वर ट्रॅकपॅडला, खाली तळाच्या पत्र्याला रेटते. सतत शंभर टक्के चार्जवर ठेवणे आणि उष्णता या दोन गोष्टींनी ही प्रक्रिया वेगाने होते. मॉनिटरला कायम जोडलेल्या लॅपटॉपच्या वाट्याला या दोन्ही येतात.

खात्री करण्यासाठी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तो काचेसारख्या पूर्ण सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि डोळे त्या पातळीवर आणून तळाचा मधला भाग बाहेर आला आहे का ते पाहावे. झाकण मिटल्यावर पुढच्या कडेला आधी नसलेली फट दिसते का, हेही पाहावे. फुगवटा आढळला तर त्यानंतर तो चार्जला लावू नये. तळ उघडायचाच असेल तर धातूची पट्टी वापरू नये, सेल दाबून सपाट करण्याचा प्रयत्न करू नये आणि तो टोचला जाणार नाही याची पराकाष्ठेची काळजी घ्यावी, कारण फुटलेला लिथियम सेल पेट घेतो आणि ती आग सहज आटोक्यात येत नाही. अनेक मॉडेलमध्ये बॅटरी चिकटपट्टीने घट्ट बसवलेली असते. तशी असल्यास ती उपटण्याचे काम जाणकारावर सोपवावे. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावी.

मदरबोर्डचा निर्णय बॅटरी बदलून झाल्याशिवाय घेऊ नये. क्षमता चाळीस टक्के घटलेली, तिसाव्या टक्क्यावर कोसळणारी बॅटरी आत असताना वीजपुरवठ्याबद्दल कोणतेही निदान विश्वासार्ह ठरत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. ०.३९ गिगाहर्ट्‌झ या आकड्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तोच या कोड्याची किल्ली आहे.

या प्रोसेसरचा मूळ वेग १.८ गिगाहर्ट्‌झ असून तो टर्बोमध्ये ४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो. उष्णतेमुळे वेग घटतो तेव्हा तापमान आधी शंभर अंशांच्या जवळ पोहोचलेले असते आणि वेग पायरी-पायरीने खाली येतो. आपल्याकडे तापमान पंचावन्नच्या आत आहे आणि वेग थेट तळाला जाऊन तिथेच खिळतो. हे वर्तन बहुतेक वेळा ‘बीडी प्रॉकहॉट’ या संकेताचे असते. प्रोसेसर तापल्याचे सांगणारी ‘प्रॉकहॉट’ ही तार दोन्ही दिशांनी चालते. म्हणजे चार्जिंग सर्किट किंवा बॅटरीचा नियंत्रक यांसारखा मदरबोर्डवरील अन्य घटकही तिच्यावरून प्रोसेसरला ‘वीज पुरत नाही, वेग कमी कर’ असे सांगू शकतो. पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर क्षणिक उसळी घेतो तेव्हा चार्जरला कमी पडणारी वीज बॅटरीने भरून काढावी, असे गृहीत धरलेले असते. बॅटरी ती देऊ शकली नाही, की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणते. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये वेग कोणत्या कारणाने मर्यादित झाला आहे ते दाखवणाऱ्या ओळी असतात. लॅपटॉप मंदावलेला असताना त्या वाचाव्यात. (अर्थात बॅटरी फुगलेली नसल्याची खात्री झाल्यावरच.)

प्रोसेसरच्या वेगाच्या मर्यादा बदलणाऱ्या थ्रॉटलस्टॉप या प्रोग्राममध्ये हा संकेत पाळायचा की नाही हे ठरवणारी एक चौकट आहे आणि तिची खूण काढल्यावर लॅपटॉप तत्काळ वेगवान झाला, असे सांगणारे बरेच जण भेटतील. कारण कळल्याशिवाय हा मार्ग मुळीच अवलंबू नये. धोक्याची घंटा वाजते आहे म्हणून घंटेची तार कापण्यासारखे ते आहे.

मॉनिटरवर हे हमखास का होते, याचेही स्पष्टीकरण सोपे असावे. मॉनिटरचा पोर्ट किती वॅट देतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. कित्येक मॉनिटर ४५ किंवा ६० वॅटच देतात. शिवाय केबलही पाहावी. यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या नियमांनुसार साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंतच चालते. ६५ वॅट हवे असतील तर आत आपली क्षमता सांगणारी ई-मार्कर चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते, आणि बाहेरून पाहून या दोन केबली बऱ्याचदा ओळखता येत नाहीत.

तिसरा प्रतिसाद

रॅमचा प्रश्न दोन वाक्यांत संपतो. सोल्डर केलेली रॅम वाढवता येत नाही आणि चिप उतरवून मोठ्या चिप बसवून देणाऱ्यांच्या नादी लागू नये.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर करण्यामागे केवळ कंपन्यांचा स्वार्थ असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. एलपीडीडीआर प्रकारची कमी वीज खाणारी रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ, अत्यंत आखूड जोडण्यांवर बसवावी लागते आणि जुन्या पद्धतीच्या सॉकेटमध्ये ते साधत नव्हते. आता एलपीकॅम२ या प्रकारात स्क्रूने बसणारी आणि बदलता येणारी एलपीडीडीआर रॅम आली आहे, पण ती असलेले लॅपटॉप अजून मोजकेच आहेत. पुढे कधी नवा घ्याल तेव्हा हे तपासा, किंवा घेतानाच पुरेशी रॅम घ्या.

एसएसडीचे तसे नाही. तळ उघडल्यावर एम.२ चा २२८० आकाराचा, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब तुकडा दिसला तर तो बदलता येतो. घेताना चिप एकाच बाजूला असलेली एसएसडी घ्यावी; दोन्ही बाजूंना चिप असलेली जाड पडते आणि पातळ यंत्रात तळाचे आवरण नीट बसत नाही. या पिढीच्या प्रोसेसरला एसएसडी जोडणाऱ्या मार्गाची पीसीआयई ३.० ही आवृत्ती मिळते, त्यामुळे पीसीआयई ४.० ची एसएसडी चालेल, पण ३.० च्याच वेगाने. तिच्यासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही. कमी वीज खाणारी आणि कमी तापणारी एसएसडी निवडणे इथे अधिक मोलाचे आहे. बदलण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलूपबंदीची) रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी आणि महत्त्वाच्या फायलींची स्वतंत्र प्रत काढावी. क्लोन केलेली, म्हणजे जुनीची हुबेहूब नक्कल उतरवलेली, एसएसडी सुरू होत नाही, तेव्हा ही की हाती नसलेल्यांची जी अवस्था होते ती पाहिली आहे.

नव्या एसएसडीने ८ जीबी रॅमची उणीव भरून निघेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातील मजकूर एसएसडीवर ठेवते, आणि काठोकाठ भरलेल्या एसएसडीवर हे काम रेंगाळते. जागा वाढल्याने एवढा त्रास कमी होईल. वापरात नसलेले टॅब निजवून ठेवण्याची ब्राउझरमधील सोय सुरू करणे हा फुकटचा उपाय त्याहून उपयोगी आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले असता तळाचा मध्यभाग स्पष्टपणे बाहेर आलेला होता. लॅपटॉप तेव्हाच बंद ठेवला आणि बॅटरी अधिकृत सेवाकेंद्रातून बदलून घेतली. दोन सेल इतके फुगले होते की ट्रॅकपॅडच्या खालच्या बाजूवर त्यांचा दाब उमटला होता. बॅटरी बदलताच ट्रॅकपॅड सर्वत्र सारखा दाबला जाऊ लागला आणि डुगडुगणेही थांबले.

मूळ चार्जरवर तेव्हापासून वेग एकदाही ०.३९ वर गेलेला नाही. मॉनिटरचा पोर्ट ४५ वॅटचाच निघाला. त्यावर आता मोठ्या स्प्रेडशीटची आकडेमोड चालू असताना वेग काहीसा कमी राहतो, परंतु यंत्र गोठत नाही. म्हणून मॉनिटरला चित्रापुरती केबल जोडून चार्जर दुसऱ्या पोर्टला लावतो. मदरबोर्डचा विषय मिटला. १ टीबीची एकाच बाजूला चिप असलेली एसएसडी मागवली आहे.

एक शंका उरली आहे. रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी कोमट लागतो आणि चार्ज पंधरा-वीस टक्क्यांनी उतरलेला असतो. नव्या बॅटरीतच दोष असेल का? तसेच ती पुन्हा फुगू नये म्हणून काय करावे?

दुसरा प्रतिसाद देणारे सदस्य

बॅटरीत दोष असण्याची शक्यता कमी आहे. बरेच पातळ लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. ‘मॉडर्न स्टँडबाय’ या अवस्थेत ते फोनप्रमाणे अर्धवट जागे राहून नेटवर्कशी संपर्क ठेवतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीपुढे जागा सोडून स्लॅश आणि ‘ए’ हे अक्षर टंकल्यास आपल्या यंत्रात झोपेच्या कोणत्या अवस्था आहेत ते कळेल. त्यांत एस०, म्हणजे मॉडर्न स्टँडबाय, दिसल्यास, ‘ए’च्या जागी ‘स्लीपस्टडी’ असा पर्याय देऊन मिळणारा अहवाल वाचावा. रात्रभर कोणत्या घटकाने लॅपटॉप जागा ठेवला, ते त्यात दिसते. बऱ्याचदा तो वाय-फायचा ड्रायव्हर किंवा जोडून ठेवलेले एखादे यूएसबी उपकरण असते. अहवाल वाचण्याचा कंटाळा असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांत ‘झाकण मिटल्यावर’ यापुढे ‘हायबरनेट’ (चालू काम एसएसडीवर साठवून यंत्र बंद करणे) निवडावे. सुरू व्हायला काही सेकंद अधिक लागतील, पण चार्ज जवळजवळ उतरणार नाही आणि बंद पिशवीत लॅपटॉप तापण्याचा प्रश्नही सुटेल.

फुगण्याबद्दल : बायोसमध्ये किंवा निर्मात्याच्या प्रोग्राममध्ये चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती कायम चालू ठेवावी आणि लांब बैठकीला जाण्यापूर्वी तेवढ्यापुरती काढावी. बॅटरी अहवाल आताच एकदा काढून जपून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. त्यात ‘सायकल काउंट’ (चार्जच्या पूर्ण फेऱ्यांची संख्या) शून्य किंवा अगदी लहान असायला हवा. तो मोठा दिसला, तर बसवलेली बॅटरी नवी नाही; अशा वेळी सेवाकेंद्राची पावती घेऊन लगेच परत जावे.