मॅग्नेशियमच्या आधी क्रिएटिनीन बघा
साठीनंतर रात्री पोटऱ्यांत पेटके येतात म्हणून सगळ्यांनीच मॅग्नेशियम सुरू करावं, हे काही पटलं नाही. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) वयस्कांच्या पेटक्यांवर त्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नव्हता. मात्र अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारं औषध असेल, तर रक्तातलं मॅग्नेशियम खरंच उतरू शकतं. अशांनी तपासून घ्यावं. जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात, ती थकलेली असतील तर ते साठतं; म्हणून आधी क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी, बघा. मॅग्नेशियम ऑक्साइडची गोळी स्वस्त, पण शोषली जाते कमी आणि पोट सैल करते (आमच्या आईला तेवढाच उपयोग झाला!). थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. बाकी नाचणी, बाजरी, तीळ, भोपळ्याच्या बिया घरात आहेतच.