गालजीबागला एका दिवसासाठी जायचे आहे: किनाऱ्यावर कोणत्या वेळी पोहोचावे?

फोंडेकर:
नमस्कार. डिसेंबरमधील एका गुरुवारी आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, नऊ आणि बारा वर्षांच्या दोन मुली व माझ्या सासूबाई, फोंड्याहून काणकोण तालुक्यातील गालजीबागला जाण्याचे ठरवीत आहोत. कळंगुट-बागाकडची गर्दी आम्हांला नको आहे. थोरलीला कासवे पाहायची आहेत, धाकटीला पाण्यात डुंबायचे आहे आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाळूत फार चालवत नाही. शिवाय मार्गशीर्षातला गुरुवार असल्याने त्या दिवशी घरात कोणीच मासे खाणार नाही. हे सारे एका दिवसात कसे बसवावे?

काणकोणकार:
सासूबाईंची काळजी सर्वांत आधी मिटते. रस्ता किनाऱ्यामागच्या सुरूच्या बनापर्यंत येतो, त्यामुळे एक घडीची खुर्ची बरोबर घेतली तर त्यांना सावलीत बसूनच समुद्र दिसेल. शाकाहारी जेवण मात्र काणकोणच्या चावडीवरच, म्हणजे तालुक्याच्या मुख्य बाजाराच्या गावातच, आटोपून पुढे निघावे, कारण गालजीबागला जी थोडीफार खानावळवजा ठिकाणे आहेत त्यांची ख्याती मासळीची आणि नदीतल्या कालवांची आहे. (गुरुवार निवडून आपण स्वतःवर थोडा अन्यायच केला आहे.) मडगावहून येताना करमल घाटाची वळणे मुलींना त्रास देणारी असतील तर गाडी सावकाश हाकावी.

डुंबण्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो. हा किनारा तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांच्या मुखांमध्ये आहे, आणि मुखाजवळचे पाणी वरून कितीही शांत दिसले तरी ओहोटी लागली की नदीत साठलेले भरतीचे पाणी अरुंद वाटेने समुद्राकडे धावते व गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचेही पाय सुटतात. मुखाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा अनुभवही तेथे कामाचा नसतो. तेव्हा मुलींना किनाऱ्याच्या मधल्या भागातच, दोन्ही मुखांपासून दूर, कमरेच्या आतल्या पाण्यात आणि चढत्या भरतीच्या पहिल्या दोन-तीन तासांत खेळू द्यावे. जीवरक्षक दिसला तर आधी त्याला विचारावे. न दिसल्यास पाऊल भिजवण्यापुरतेच समाधान मानावे.

भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. हा हिशेब मुंबईकडे अधिक जुळतो आणि आपल्याकडे भरती त्याहून थोडी आधीच येते, म्हणून मुरगाव बंदराच्या तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

सुरूच्या बनातला:
कासवांबद्दल स्पष्ट सांगणे बरे, म्हणजे थोरलीचा हिरमोड होणार नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, पण त्या रात्री येतात आणि केव्हा येतील याचा नेम नसतो. एक मादी सुमारे शंभर अंडी वाळूत पुरून परत जाते. पिल्ले बाहेर पडायला 45 ते 60 दिवस लागतात. म्हणजे डिसेंबरात दिवसा गेलेल्या माणसाला फार तर वन खात्याने घरट्याभोवती लावलेले कुंपण दिसते. पिल्ले पाहण्याची आशा धरायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, तीही खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारूनच. ती पाण्याची दिशा उजेडावरून ओळखतात, त्यामुळे मोबाइलचा दिवा किंवा फ्लॅश मारला की भरकटून जमिनीकडे वळतात. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा अंड्यांना वा पिल्लांना हात लावणे हा गुन्हा ठरतो.

फोंडेकर:
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या गुरुवारी पंचांगात दशमी आहे. पाऊणपट केल्यावर साडेसात, आपल्याकडे थोडी आधी म्हणून साडेसहा-सातची भरती आणि दुपारी एकच्या आसपास ओहोटीचा तळ, असा माझा हिशेब निघतो. तो बरोबर आहे का?

काणकोणकार:
अंदाज ठीक वाटतो, तरी तक्ता पाहाच. तसे असेल तर बारा वाजता चावडीवर जेवण, दीडच्या सुमारास गालजीबाग, दोन ते चार मुलींचे डुंबणे आणि नंतर सुरूच्या सावलीत चहाचा थर्मास, असा बेत करावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तो पाहून लगेच निघालात तर घाट फार उशिरा लागणार नाही. कुंपण दिसले तर थोरलीला तेथे घेऊन जा, पण बाहेरूनच, आणि तिला फेब्रुवारीचे वचन देऊन ठेवा.

फोंडेकर:
वचन आजच मागून घेतले गेले. तक्ताही पाहिला, ओहोटी पाऊणला आहे.