गाओकाओमध्ये गुणांइतकीच गावाची नोंदही महत्त्वाची असते का?

प्रश्न : भूगोल_शिक्षिका (सोलापूर)

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. चीनमधील स्थलांतर हा विषय निघाला असता वर्गात गाओकाओची, म्हणजे तिथल्या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेची, चर्चा झाली. २०२४ मध्ये या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती, हे मी सांगितले. तेव्हा ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील एका मुलाने विचारले, "मॅडम, आईवडील कामासाठी शहरात गेले असतील, तर त्या मुलानं परीक्षा कुठं द्यायची?" मला नीट उत्तर देता आले नाही. परीक्षेचा ताण, शिकवण्या, रात्रीची जागरणे यांविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. या प्रश्नाविषयी मात्र फारसे हाती लागले नाही. कुणी जाणकार सांगू शकतील का?

उत्तर : पूर्वेकडचा_प्रवासी

मॅडम, आपल्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. चीनमध्ये प्रत्येक कुटुंबाची 'हुकोउ' नावाची मूळ रहिवासाची सरकारी नोंद असते आणि सर्वसाधारण नियम असा, की राहता कुठेही असा, गाओकाओ हुकोउच्या प्रांतातच द्यायची. विद्यापीठे प्रत्येक प्रांतासाठी वेगळ्या जागा ठरवतात. त्यामुळे बीजिंगमधील नामांकित पेकिंग किंवा त्सिंगह्वा विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता बीजिंगच्या मुलाला जास्त असते आणि दहा लाखांहून अधिक परीक्षार्थी असलेल्या हेनान प्रांतातील मुलाला कितीतरी कमी. प्रश्नपत्रिकाही सगळीकडे एक नसते. बहुतेक प्रांतांत परीक्षा ७५० गुणांची आहे, तर शांघायमध्ये ६६० गुणांची, आणि बीजिंग व शांघाय आपल्या प्रश्नपत्रिका स्वतः काढतात.

मी शांघायच्या मिनहांग भागात सात वर्षे राहिलो. आमच्या इमारतीखाली आन्ह्वेई प्रांतातील एका जोडप्याची नूडल्सची टपरी होती. त्यांचा मुलगा शांघायमध्येच पहिलीत गेला, तिथलीच बोली बोलू लागला, संध्याकाळी टपरीच्या मागे पिठाच्या पोत्यावर पाटी ठेवून गृहपाठ करायचा. परंतु शांघायमध्ये निवासी परवान्यावर १२० गुण जमल्याशिवाय बाहेरच्यांच्या मुलांना तिथली नेहमीची परीक्षा देता येत नाही. हे गुण शिक्षण, नोकरी, विम्याचे हप्ते अशा गोष्टींवर मिळतात. टपरीवाल्याला ते कुठून मिळणार? पाचवी झाल्यावर मुलाला आजीकडे गावी पाठवले. शांघायमध्ये प्राथमिक शाळा पाच वर्षांची, गावाकडे सहा वर्षांची. त्यामुळे शहरात माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आलेला हा मुलगा गावी पुन्हा प्राथमिक शाळेत बसला. आई रोज रात्री टपरी आवरता आवरता त्याला व्हिडिओ कॉल लावायची आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. ते पाहताना माझ्या पोटात कालवत असे.

उत्तर : धोरण_अभ्यासक

वरील माहितीत थोडी भर घालतो. २०१२ मध्ये केंद्रीय शासनाने स्थलांतरितांच्या मुलांना राहत्या ठिकाणी परीक्षा देता यावी म्हणून प्रांतांना नियम करण्यास सांगितले. अनेक प्रांतांनी सलग तीन वर्षे तिथल्या शाळेत शिकणे, पालकांची स्थिर नोकरी अशा अटी घालून वाट मोकळी केली. सर्वांना जिथे जायचे असते, त्या बीजिंग आणि शांघायनेच दार सर्वांत घट्ट लावून घेतले.

दुसरे असे, की गाओकाओपर्यंत पोहोचण्याआधीच मोठी चाळणी लागते. नववीच्या अखेरीस 'झोंगकाओ' ही उच्च माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा होते आणि अनेक वर्षे साधारण निम्मीच मुले त्यातून सर्वसाधारण उच्च माध्यमिक शाळेत जात. उरलेली व्यवसाय शिक्षणाकडे वळवली जात. पंधरा वर्षांच्या मुलाचा रस्ता त्या एका निकालावर ठरतो. २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आली खरी, पण दोन्ही चाळण्या तशाच असल्यामुळे शिकवण्या बंद दाराआड आणि अधिक महाग झाल्या. त्याचा भार टपरीवाल्यासारख्या पालकांवरच पडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

भूगोल_शिक्षिका (सोलापूर)

दोघांचेही मनापासून आभार. आपल्याकडेही दहावी परराज्यातून झालेल्या मराठी मुलांना वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या कोट्यासाठी अडचण येते, हे मी पाहिले आहे. पण शहरात वाढलेल्या मुलाला परीक्षेसाठी आईवडिलांपासून वेगळे व्हावे लागते, हे ऐकून मन सुन्न झाले. त्या मुलाचे पुढे काय झाले?

पूर्वेकडचा_प्रवासी

त्याने आन्ह्वेईमधूनच गाओकाओ दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात टपरी बंद दिसली, दारावर चिकटवलेल्या कागदावर 'मुलाची परीक्षा, दहा तारखेनंतर भेटू' एवढेच लिहिले होते. परीक्षा केंद्राबाहेर पुष्कळ आया लाल 'चीपाव' हा पारंपरिक चिनी पोशाख घालून उभ्या राहतात, कारण त्या शब्दातील पहिला ध्वनी 'झेंडा उभारताच विजय' या अर्थाच्या म्हणीतही येतो. या बाईंनी तो भाड्याने आणला होता. तसा फोटो त्यांनी मला नंतर दाखवला. मुलाला हफेईमधील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. निकालाच्या संध्याकाळी त्यांनी आमच्या इमारतीतील कुणाकडूनही नूडल्सचे पैसे घेतले नाहीत.