९०० वरून ७०० वर जाऊ नका

तुम्ही लिहिलंय, सकाळी दोन अंडी, दुपारी एक भाकरी-भाजी, रात्री नुसतं सूप आणि वर तासभर चालणं. तरी तीन आठवडे काटा हलत नाही, म्हणून रोजच्या ९०० कॅलरींवरून ७०० वर यायचं म्हणताय. ताई, कृपया हे करू नका.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रिया-शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरी मिळत. पुरुषांची गरज जास्त, हे मान्य. पण तुमच्या ९०० पुढे हा आकडा बघा. वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं, पण स्नायूही झिजले, नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली आणि डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार. पायांना सूजही आली. म्हणजे अंगात पाणी साठतं आणि उतरलेली चरबी काही काळ काट्यावर दिसतच नाही. तुमचंही कदाचित हेच होत असेल. शिवाय दमलेलं शरीर नकळत हालचाल कमी करतं.

तुम्ही लिहिलेली थंडी आणि केस गळणं मला खरंच काळजीचं वाटतं. गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी, एवढंच पुरे. रात्रीच्या सूपऐवजी मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही घ्या, आठवड्यातून दोनदा वजनं उचला. आणि पाळी चुकली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, डाएटचं नंतर बघू.