मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन उन्हाळ्यात चर्चिलला, हडसनच्या उपसागराकाठी

नमस्कार मंडळी,

माझ्या बाबांनी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. उत्तर अमेरिकेचा नकाशा ते पुस्तकात न बघता फळ्यावर काढायचे आणि सुरुवात नेहमी हडसनच्या उपसागरापासून करायचे. "हा एकदा नीट जमला की बाकीचा कॅनडा आपोआप जागेवर बसतो," असं सांगायचे. मीही त्याच वर्गात बसून शिकले. आता मी टोरांटोला राहते आणि येत्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदा माझ्याकडे येत आहेत. नायगारा तर दाखवणारच आहे. पण परवा फोनवर बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे स्वतःहून काहीतरी मागितलं. "हडसनचा उपसागर बघता येईल का गं?"

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. शोधता शोधता मॅनिटोबा प्रांतातल्या चर्चिलशी येऊन थांबले. उपसागराच्या पश्चिम काठावर, चर्चिल नदीच्या मुखाशी, ५८ अंशांच्या वर असलेलं गाव. वस्ती २०२१च्या जनगणनेत ८७०. गावापर्यंत रस्ताच नाही, आगगाडी नाहीतर विमान. जुलैत नदीच्या मुखात हजारो पांढरे बेलुगा देवमासे येतात, अठराव्या शतकातला दगडी किल्ला आहे, पक्ष्यांच्या अडीचशेवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. बाबा निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात भिगवणला दुर्बीण घेऊन जातात, त्यामुळे पक्ष्यांचं ऐकून तर ते हरखलेच.

आता अडचणी सांगते. बाबा ७१ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत. आई ६८, गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा लागतो. दोघंही शाकाहारी, आई तर अंडंही खात नाही. माझ्याकडे येऊन-जाऊन आठ-नऊ दिवस आहेत. विनिपेगहून चर्चिलला आगगाडीने दोन रात्री लागतात. बाबांना गाडीनेच जायचंय. मला आईची काळजी वाटते. एका सहल कंपनीला विचारलं तर त्यांनी ऑक्टोबरातली अस्वलांची सहल गळ्यात मारायचा प्रयत्न केला, उन्हाळ्याचं नीट बोललेच नाहीत.

तेव्हा तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. जूनचा शेवट, जुलैचा शेवट की ऑगस्टचा मध्य? आईला बोटीत बसता येईल का? किल्ल्यापर्यंत किती चालावं लागतं? आणि पांढरी अस्वलं उन्हाळ्यातही गावाजवळ असतात असं वाचलंय, तर पहाटे उठून पक्षी बघायला एकटं निघायची बाबांची सवय तिथे चालेल का? ही शेवटची भीती मला सगळ्यात जास्त आहे.

लिहिण्यात काही राहिलं असेल तर विचारा.
— भूगोलकन्या

विनिपेगकर:

भूगोलकन्या, आम्ही दोनदा जाऊन आलोय, एकदा जूनमध्ये आणि एकदा जुलैअखेर, सासऱ्यांना घेऊन. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बाबांना एकट्याने पहाटे गावाबाहेर अजिबात जाऊ देऊ नका. हे त्यांना टोरांटोतच समजावून सांगा.

पांढरी अस्वलं समुद्रावरच्या बर्फावर उभं राहून सीलची शिकार करतात. जूनअखेर-जुलैत उपसागरावरचं बर्फ फुटलं की त्यांना किनाऱ्यावर यावंच लागतं, आणि नोव्हेंबरात पाणी पुन्हा गोठेपर्यंत ती जमिनीवर जवळजवळ उपाशी काढतात. म्हणजे उन्हाळ्यात ती तिथेच असतात, फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखी गोळा झालेली नसतात. खडकांच्या आड निवांत झोपलेली असतात आणि तीन हातांवर येईपर्यंत दिसत नाहीत. गावातले लोक गाड्यांची दारं कुलूप न लावता ठेवतात, वेळ आली तर कुणालाही आत शिरता यावं म्हणून. अस्वलांवर नजर ठेवणारं सरकारी पथक आहे आणि गावात घुसलेल्या अस्वलांना ठेवायला वेगळी इमारत आहे. किनाऱ्यावरच्या खडकांकडे जाऊ नका अशा पाट्या लावलेल्या आहेत, त्या मनावर घ्या. गावातल्या रस्त्यांवर दिवसा चौकशी करून फिरायला हरकत नाही. त्यापलीकडे वाटाड्याबरोबर, गाडीतून.

मात्र तुम्हाला अस्वल दिसलं तर नशीब समजा, आणि बाबांना हेही सांगा की या पश्चिम हडसन भागात १९८०च्या दशकात साधारण १२०० अस्वलं होती, २०२१च्या मोजणीत ६१८ निघाली. बर्फ लवकर फुटतं, उशिरा धरतं आणि उपासाचे दिवस वाढतात. आम्ही बोटीतून एक मादी पाहिली, पिल्लाला घेऊन गवतात पडलेली. सासरे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तारखांचं म्हणाल तर जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा पहिला. फक्त पक्षीच बघायचे असते तर जून म्हटलं असतं, पण जूनमध्ये नदीच्या मुखाशी बर्फाचे तुकडे तरंगत असतात आणि बेलुगा नुकतेच यायला लागलेले असतात. जुलैअखेर ते पूर्ण भरात असतात, टुंड्रावर फुलं असतात, पक्ष्यांची पिल्लं असतात. ऑगस्टच्या मध्यानंतर डास कमी होतात आणि रात्री अंधार पडत असल्याने उत्तरप्रकाश दिसायची शक्यता वाढते, पण बेलुगा परतू लागतात. तुमच्याकडे एकच फेरी आहे, तेव्हा बेलुगा सोडू नका.

आता बेलुगांबद्दल, कारण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात तीनेक हजार बेलुगा नदीच्या मुखात येतात. नदीचं पाणी समुद्रापेक्षा उबदार आणि उथळ असतं. तिथे ते तळाच्या खडीवर अंग घासून जुनी कातडी काढतात, अक्षरशः कात टाकतात. पिल्लं राखाडी असतात, आईच्या पाठीला चिकटून पोहतात आणि काही वर्षांनी पांढरी होतात. इतर बहुतेक देवमाशांना मान वळवता येत नाही. यांच्या मानेचे मणके सुटे असतात, त्यामुळे बेलुगा डोकं वळवून तुमच्याकडे बघतो. बोटवाले इंजिन बंद करून पाण्यात ध्वनिग्राहक सोडतात, मग शिट्ट्या, चिवचिव, दार करकरल्यासारखे आवाज. जुने खलाशी यांना समुद्रातले कॅनरी पक्षी म्हणायचे ते उगाच नाही. पाठलाग करायला बंदी आहे. बोट शांत उभी राहिली की तेच येतात.

आईंसाठी हवा भरलेली रबरी बोट घेऊ नका, तिच्या कडेवर बसावं लागतं आणि गुडघ्यांना धक्के बसतात. मोठ्या, बाकं असलेल्या बोटी आहेत. आरक्षण करतानाच "चढायला पायऱ्या किती" हे विचारा. आणि जुलै असला तरी लोकरीची टोपी, हातमोजे हवेतच. गावात दुपारी १८ अंश असतं, पाण्यावर वाऱ्याने दात वाजतात. डासांसाठी डोक्यावरून घालायची जाळी विनिपेगमध्येच घ्या, नाहीतर वारा पडला की फिरणं अशक्य होतं.

कातळशिल्प:

किल्ल्याबद्दल मी सांगतो. प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे, बोटीनेच जावं लागतं, सोबत राष्ट्रीय उद्यान खात्याचा वाटाड्या आणि बंदूकधारी अस्वल-राखणदार असतो. उतरल्यावर ओबडधोबड वाट आहे. तुमच्या आईंना काठी घेऊन सावकाश जमेल असं वाटतं, पण बोट भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर अवलंबून असते. आमची पहिल्या दिवशीची फेरी रद्द झाली. म्हणून किल्ला पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे हुकला तर पुढचे दिवस हातात राहतात.

हडसन बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने १७३१ साली बांधायला घेतला, चांदणीच्या आकाराचा, आणि पुरा व्हायला चाळीस वर्षं लागली. १७८२मध्ये ला पेरूझची फ्रेंच जहाजं आली, किल्ल्यावर मूठभर माणसं होती, किल्लेदार सॅम्युएल हर्नने एकही गोळी न झाडता किल्ला दिला. मी रत्नागिरीचा, आपल्याकडचे जलदुर्ग बघत वाढलेला, पण तोफा तशाच उपसागराकडे तोंड करून आणि मागे माणसाची वस्तीच नाही हे दृश्य वेगळंच आहे.

भूगोलाच्या सरांसाठी खरी गोष्ट मात्र किल्ल्याजवळच्या स्लूप कोव्हमध्ये आहे. तिथे कंपनीची जहाजं हिवाळ्यात बांधून ठेवायचे. खडकात लोखंडी कड्या अजून आहेत, हर्नने १७६७ साली कोरलेलं आपलं नावही आहे. पण आज तिथे जहाज सोडा, होडी येणार नाही, गवत उगवलंय. हिमयुगात मैलभराहून जाड बर्फाने हा सगळा प्रदेश दाबून धरला होता. ते ओझं गेल्यापासून जमीन वर उठतेय, अजूनही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर. अडीचशे वर्षांत किती झालं ते सर स्वतःच सांगतील.

रुळावरची मुक्ताई:

ताई, गाडीने जाच, पण फक्त जाताना. विनिपेग ते चर्चिल सुमारे १७०० किलोमीटर आहे आणि गाडी उत्तरेकडे फार सावकाश जाते, कारण रुळाखाली गोठलेली जमीन आणि दलदल आहे. गव्हाची शेतं संपतात, मग स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचं जंगल, मग झाडं ठेंगणी होत जातात आणि शेवटी वाऱ्याच्या एकाच बाजूला फांद्या उरलेली. सरांनी फळ्यावर शिकवलेले वनस्पतींचे पट्टे खिडकीतून सरकत जातात. आईंसाठी बसायची नाही, झोपायची जागा घ्या. येताना विमान घ्या, अडीच तासांत विनिपेग. गाडीला उशीर होणं नेहमीचं आहे, आणि परतीच्या गाडीवर टोरांटोच्या विमानाचा भरवसा ठेवू नका. २०१७च्या पुरात तर रूळ वाहून गेले होते आणि दीड वर्ष गावाला गाडीच नव्हती.

जेवणाचं: मासे आणि मांस भरपूर, शाकाहारी कमी. दुकानात भाजी मिळते, महाग असते. स्वयंपाकाची सोय असलेली खोली शोधा. सोबत पोहे, भाजणी, मेतकूट न्या, दशम्या गाडीत दोन दिवस सहज टिकतील.

आणि एक दिवस पाऊस लागला तर इत्सानितक संग्रहालयात घालवा. १९४४ साली कॅथलिक मिशनऱ्यांनी सुरू केलेलं, एकच दालन, पण वॉलरसचे सुळे, हाड आणि दगडात कोरलेल्या, इन्युइट या तिकडच्या मूळनिवासींनी घडवलेल्या मूर्ती अशा आहेत की वेळ पुरत नाही. काही वस्तू साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. नावाचा अर्थ त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत भूतकाळातल्या वस्तू असा आहे.

विनिपेगकर:

मुक्ताईंनी संग्रहालयाचं लिहिलं म्हणून आणखी एक. गावाबाहेर डेने व्हिलेजची जागा आहे, तिथे स्मारक आहे. सहलीत बऱ्याचदा गाडी न थांबवता पुढे नेतात. १९५६ साली सरकारने सायिसी डेने या मूळनिवासी लोकांना लिटल डक लेकहून उचलून चर्चिलला आणून टाकलं. कॅरिबू हरणं त्यांच्या शिकारीमुळे कमी होताहेत असं कारण दिलं होतं, तेही चुकीचं ठरलं. ना धड घरं, ना शिकारीचं रान. सतरा वर्षांत शंभराहून जास्त माणसं गेली. १९७३मध्ये उरलेले स्वतःच निघून टॅडूल लेकला गेले. केंद्र सरकारने माफी मागितली ती २०१६मध्ये. हे न बघता चर्चिल बघितलं असं मी तरी म्हणणार नाही.

भूगोलकन्या:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. स्लूप कोव्हचं ऐकताच ते म्हणाले, "अडीच मीटर. पूर्वी वेग जास्त असणार, तेव्हा त्याहून थोडं अधिकच धर." पक्ष्यांचंही शोधून ठेवलंय त्यांनी. भिगवणला येणाऱ्या मालगुजाचा भाऊबंद तिथे टुंड्रावर घरटं करतो, आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाणारा आर्क्टिक सुरय तिथे माणसाच्या डोक्यावर चोच मारतो म्हणे, पिल्लं जपायला. एकट्याने फिरणार नाही असं कबूल केलंय, आईसमोर.

डेने व्हिलेजचं वाचलं तेव्हा मात्र ते गप्प झाले. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा बाबा दरवर्षी जाऊन येतात. जरा वेळाने म्हणाले, "त्या जागी आपण थांबायचं. पाच मिनिटं तरी."

तर ठरलं असं: २६ जुलैच्या आठवड्यात जाताना गाडी, चर्चिलमध्ये चार रात्री, पहिल्याच दिवशी किल्ला, येताना विमान. स्वयंपाकघर असलेली एक खोली मिळतेय.

विनिपेगकर, त्या स्मारकापाशी नक्की थांबवेल असा गावातला गाडीवाला तुमच्या माहितीत असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? आई गाडीत बसून राहील, बाबांना खाली उतरायचंय.